नागवेकराचा आटा

राजिवड्यापासून मांडवीपर्यंत कुणालाही विचारा, महिपत नागवेकर बहिरा कशानं झाला? उत्तर तयार आहे. मासे विकणारी सखू डोईवरची टोपली न उतरवता सांगेल, तेही ओठाच्या एकाच कोपऱ्यातून, जणू मारुतीच्या कानावर जायला नको: "शेंदूर खरवडलान गो त्यानं. देवाच्या अंगावरचा. नि मोटारीत भरलान. देव गप बसतो व्हय? दोन्ही कान बंद केलान." न्हावी हीच गोष्ट वस्तरा थांबवून सांगतो, आणि वस्तरा गळ्याशी असल्यामुळे ऐकणारा पटल्यासारखी मान हलवण्याचंही टाळतो. कचेरीतले कारकून आधी "असं ऐकिवात आहे" हे शब्द घालतात, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर आपण बाजूला. पोरांच्या गोष्टीत तर मारुती स्वतः मोटारीच्या टपावर बसून पावसपर्यंत जातो आणि उतरताना महिपताचे कान पिळतो.

गोष्ट झकास आहे, पण ती जुळत नाही. महिपताचे कान गेले तेव्हा रत्नागिरीत आप्पा शेट्यांची मोटार यायचीच होती. आणि शेंदूर मारुतीच्या अंगावरून काढलेला नव्हता, तो मारुतीच्या अंगावर चढायचा राहिला होता. तो महिपताला कुणी दिला आणि त्याला तो कशासाठी लागला हे नीट सांगायचं, तर आधी आगबोटीवर चढावं लागेल.

मिसरूड फुटायच्या आधीच महिपत बोटीवर गेला. वाडीतले निम्मे पुरुष तसेच जातात. इंजिनाच्या खोलीत तो तेलवाला होता. फिरत्या दांड्यांच्या मधून हात घालून तेल सोडायचं, आणि हात शाबूत बाहेर काढायचा. त्याच खोलीत त्याच्याच वाडीचा धोंडू होता. धोंडू अंगानं दांडगा, स्वभावानं हसरा, आणि पाना हातात आला की त्याला थांबायचं भान राहत नसे. एकदा वाफेच्या नळाचा जोड आवळताना त्यानं इतका जोर लावला की बोल्टाचे आटे आतल्या आत चिरडले गेले. बोल्ट नुसता गरगर फिरू लागला. हे वरच्या साहेबाला कळलं असतं तर धोंडूला पुढच्या बंदरात उतरवलं असतं. म्हणून त्यानं बोल्टाला काथ्या गुंडाळला, वर तेलात कालवलेला शेंदूर थापला, आणि जोड असा लालबुंद गुळगुळीत करून ठेवला की पाहणाऱ्याला वाटावं, ह्याच्याइतका घट्ट जोड दुसरा नाही. बोटींवर वाफेच्या सांध्यांना शेंदूर लावतातच, त्यामुळे कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

धोंडूनं ते फक्त महिपताला सांगितलं, आणि हसत सांगितलं. महिपतानं कुणाला सांगितलं नाही. वाडीतला माणूस वाडीतल्या माणसाबद्दल साहेबाकडे बोलत नाही, हे दोघांना कुणी शिकवलेलं नव्हतं. ते दोघांच्या आईच्या दुधातच होतं.

पुढे एडनच्या वाटेवर तो जोड सुटला. धोंडू समोर होता. महिपत इंजिनाच्या आडोशाला होता, म्हणून वाचला. धोंडूला कापडात गुंडाळून समुद्रात सोडलं तेव्हा महिपत वर उभा होता, पण पाण्याचा आवाज त्याला आला नाही. तेव्हापासून त्याच्या कानात एकच घूं सुरू आहे. शंख कानाला लावल्यावर येतो तसा, फक्त शंख काढून ठेवता येत नाही.

तो घरी आला. धोंडूच्या म्हाताऱ्या आईला एवढंच सांगितलं की अपघात झाला. बाकीचं त्यानं पोटात ठेवलं, आणि शेंदराला हात लावणं सोडून दिलं. शनिवारी देवळात जाई, पण लांबून नमस्कार करून परत येई. बायको मालन विचारी, तर तो ऐकू न आल्यासारखं करी. आणि त्याला खरंच ऐकू येत नसल्यामुळे तिला काही म्हणता येईना.

मालन त्याच्याशी कशी बोलते हे पाहण्यासारखं आहे. ती त्याचा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवते आणि मग बोलते. तोंड पाहून अर्धं आणि बोटांना कळून अर्धं, असं त्याला पोचतं. भांडताना ती हात झटकून टाकते, म्हणजे तिच्या मते अर्धंच भांडण त्याच्यापर्यंत जातं. त्याचं स्वतःचं बोलणं मात्र वाऱ्यावर सोडलेल्या होडीसारखं. मध्येच आवाज तळाशी जातो, मध्येच लाटेवर यावा तसा वर उसळतो, आणि कुठला शब्द गल्लीभर जाईल हे त्याचं त्यालाच माहीत नसतं.

आप्पा शेटे नारळाचे व्यापारी. त्यांनी रत्नागिरी ते पावस अशी सर्व्हिसची मोटार आणली, त्या वर्षी गावानं दुसरं काही पाहिलं नाही. तिच्यावर ड्रायव्हर म्हणून लागला बाबल्या, महिपताचा धाकटा भाऊ. बाप लवकर गेल्यामुळे महिपतानंच बोटीवरून पैसे पाठवून त्याला वाढवला होता. बाबल्याला मोटार चालवताना पाहिलं की महिपताचं तोंड उघडं राही, आणि मालन त्याच्या हनुवटीला बोट लावून ते मिटवी.

पावसच्या रस्त्यावर आधी भाट्याची खाडी लागते. तिथे पूल नाही. दोन होड्या जोडून, वर फळ्या टाकून केलेल्या सांगडीवर मोटार चढवायची, आणि तांडेल लोकांनी ती पलीकडे न्यायची. भरतीच्या वेळी लाटा फळ्यांच्या फटींतून उसळतात आणि मोटारीचं पोट खालून खाऱ्या पाण्यानं भिजतं. पलीकडे लगेच सड्याची, म्हणजे उघड्या कातळमाळाची, चढण, मग गोळपचा उतार. उताराच्या एका बाजूला जांभ्याची दरड आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

त्या मोटारीचं इंजिन चार पंज्यांवर उभं होतं, गाय चार पायांवर उभी राहते तसं. पंजे खालच्या लोखंडी चौकटीला बोल्टांनी जखडलेले. पण पंजे आणि इंजिनाचं पोट लोखंडाचं नव्हतं. ते होतं त्या हलक्या पांढऱ्या धातूचं, ज्याचे टोप आता घरोघर आलेत आणि ज्याला आपल्याकडे जर्मन म्हणतात. जर्मन हलकं असतं, पण मऊ. त्याच्यातच बोल्ट पिळला तर आटे टिकत नाहीत, म्हणून कारखान्यानं प्रत्येक पंज्यात लोखंडाचा एक जाड पोकळ बुश बसवलेला होता. बुशाला बाहेरून आटे, ते जर्मनात रुतलेले; आतूनही आटे, त्यात बोल्ट जायचा.

बाबल्या पाना ओढतो तो वल्हं ओढल्यासारखा. कुणी शिकवलं असेल तर धोंडूच्या वाऱ्यानंच. मोटार थोडी हलली की तो खाली शिरे, पान्याला नळीचा तुकडा लावून लांब करी, आणि बोल्ट कुरकुरेपर्यंत आवळी. एक दिवस बोल्ट कुरकुरला आणि मग एकदम हलका झाला. बुशासकट सगळं हातात आलं. बुशाच्या आट्यांत जर्मनाचे पांढरे तुकडे अडकलेले, खवलेल्या खोबऱ्यासारखे. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पंज्याचंही तेच झालं.

नवे पंजे मुंबईहून मागवायचे तर पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायचे दिवस जवळ आलेले. आप्पांनी महिपताला बोलावलं. त्याच्याआधी महिपत गावात काय करी, तर विहिरीचे पंप, शिवणाची यंत्रं, कंदिलाचे पेच. बहिऱ्या माणसाला मोठं काम कोण देतो? तो मोटारीखाली निजला, पंज्याच्या भोकात करंगळी घालून फिरवली, आणि बाहेर येऊन म्हणाला की होईल.

त्यानं दोन्ही भोकं थोडी मोठी केली, आत नवे आटे पाडले, आणि तांबटाच्या हातलेथवर जुन्या आगबोटीच्या पितळेतून नवे जाड बुश कातून त्यात बसवले. पितळ का? दर्यावर्दी माणसाला हे विचारायची गरज नसते. लोखंड गंजतं, पितळ गंजत नाही. बोटीवर जे टिकलं ते पितळच टिकलं. बुश बसवताना मध्ये शेंदराचा हात द्यावा, हे बोटीवरचा कुठलाही मिस्त्री सांगेल. महिपतानं शेंदूर लावला नाही. त्याला त्या लाल रंगामागे काय झाकता येतं ते माहीत होतं. कोरड्या पितळेवर कोरडं जर्मन बसवून त्यानं हात पुसले.

मोटार धावली. सांगडीवर चढली, सडा चढली, गोळपचा उतार उतरली. पुढचा सबंध हंगाम बुश केसभरही हलला नाही. मग गावाला म्हण मिळाली: नागवेकराचा आटा उघडत नाही. चिकट माणसाच्या मुठीला लोक ती म्हण लावू लागले, नवऱ्याला धरून राहिलेल्या बायकोला लावू लागले, सुटता न सुटणाऱ्या भावकीच्या दाव्यालाही लावू लागले. शेतावरून, बंदरावरून लोक तुटके पंप आणि घसरलेले पेच घेऊन महिपताच्या पडवीत येऊ लागले. बाबल्या प्रत्येक प्रवाशाला मोटारीच्या पोटाकडे बोट दाखवून सांगे, "माझ्या दादाच्या हातचा हाय." कानात घूं घेऊन कोपऱ्यात बसणाऱ्या माणसाला गावात जागा मिळाली. त्याच्याकडे तेवढंच होतं, ती म्हण.

पावसाळ्यात मोटार आप्पांच्या वखारीमागे झापांच्या खोपीत उभी राहिली. हंगामभराचं खारं पाणी तिच्या पोटाला लागलेलं तसंच होतं. नवरात्रात ती बाहेर काढली, धुतली, आणि दसऱ्याच्या सकाळी बाजारात उभी केली. दसऱ्याला सुतार किकरं पुजतो, कोळी जाळं पुजतो. आप्पा मोटार पुजतात. झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, आपट्याच्या पानांचं ताट ठेवलं. नारळ फोडायचा मान यंदा महिपताला द्यायचा, असं आप्पांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं. पूजा झाली की मोटार पहिली फेरी करणार. पावसला सोनं द्यायला जाणारी मंडळी गाठोडी घेऊन उभीच होती.

नारळाच्या आधी महिपत सवयीनं एकदा खाली शिरला. फडक्यानं पंजे पुसायला लागला आणि फडकं थांबलं.

पितळी बुशाच्या भोवती पांढरी भुकटी होती. त्याला आधी वाटलं, खाडीचं मीठ. बोटावर घेऊन जिभेला लावली; खारट लागली नाही, विरघळलीही नाही. नखानं खरवडली तर तिच्याखाली जर्मन नव्हतं, आणखी भुकटी होती. पंजा आतून पिठासारखा झाला होता.

आणि तेव्हा त्याला बोट आठवली. गोदीत बोट कोरडी उभी केली की पितळेच्या पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे ठोकत. खाऱ्या पाण्यात पितळेशेजारी दुसरा मऊ धातू ठेवला की तो पांढरा पडून झिजत जातो. जस्त मरतं म्हणून बाकीची बोट जगते. ते मेलेले, भुकटी झालेले ठोकळे काढायचं काम किती वेळा महिपतानंच केलं होतं. हातांना ते माहीत होतं. पण मोटार जमिनीवर चालते, आणि जमिनीवर आल्यावर समुद्राचं शहाणपण कुणाला आठवतं? त्यानं पितळ बसवलं, आणि पितळेनं सबंध हंगाम शांतपणे पंजा खाल्ला.

तो तसाच निजून राहिला. खालून त्याला फक्त पाय दिसत होते. आप्पांचे पाय, स्वच्छ, वहाणा काढलेले. बायकांचे जोडवी घातलेले पाय. बाबल्याच्या नव्या वहाणा, एक पुढे एक मागे, नाचायच्या बेतात. वरून माळेची फुलं गळत होती. मोटार आज धावली असती. कदाचित दिवाळीपर्यंत धावली असती. आणि गप्प राहणं त्याला येत होतं. एकदा तो गप्प राहिला होता.

तो बाहेर आला आणि म्हणाला की मोटार जायची नाही. हे तो किती मोठ्यानं म्हणाला ते त्याला कळलं नाही. पण गुरवाच्या आळीतले लोकही बाहेर आले.

आप्पा सभ्य माणूस. त्यांनी हात वर करून समजावलं, आज दसरा आहे, आज असं बोलू नये. हवं तर उद्या बघू. महिपतानं नाही म्हणून मान हलवली. मग बाबल्या पुढे झाला. सगळ्यांसमोर मिरवलेली शेखी त्याच्या अंगावर येत होती. भावाला वाचता यावं म्हणून त्यानं एकेक शब्द तोंड पसरून म्हटला:

"कान गेले ते गेले, दादा. आता अक्कलपण समुद्रात सोडलीस काय?"

लोक हसले. महिपतानं ते पाहिलं. हसणं ऐकू यावं लागत नाही. तो पुन्हा मोटारीखाली गेला. त्यानं एका पंज्याचा बोल्ट सैल करून काढून घेतला. मग पाना बाजूला ठेवला, बुशाची कड अंगठ्यात आणि एका बोटात धरली, आणि ओढली. खिळखिळा दात हिरडीतून यावा तसा बुश बाहेर आला.

बुश घेऊन महिपत उभा राहिला आणि आपट्याच्या पानांच्या ताटात, हळदकुंकवाच्या मध्ये, त्यानं तो ठेवला. पानांवर पांढरी भुकटी सांडली.

"नागवेकराचा आटा," तो म्हणाला. "उघडला."

कुणी हसलं नाही. सगळी तोंडं मिटलेली पाहून त्याला कळलं असेल की आता गावातही त्याच्या कानातल्याइतकीच शांतता आहे. गाठोडी घेतलेली मंडळी हळूहळू मागे सरली. गोळपचा उतार प्रत्येकाला माहीत होता.

नारळ फुटला नाही. आप्पांनी मोटार खोपीत लोटवली, आणि जाताना महिपताला एवढंच म्हणाले की आता तू हात लावू नकोस. मुंबईहून पंजे येतील तेव्हा येतील. बाबल्यानं तेही म्हटलं नाही. तो वाडीतच दुसऱ्या घरी राहायला गेला. म्हणीचं काय व्हायचं ते झालं. कुणाचं धोतर सुटलं, कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या तोंडून गुपित निसटलं की लोक म्हणत, नागवेकराचा आटा. पडवीतले पंप लोकांनी न सांगता उचलून नेले. मच्छीबाजारात सखू मालनला मासळी देताना विचारी, "बाय, घट्ट बांधू का सैल?"

त्या दिवसांत एका दुपारी महिपतानं मालनला धोंडूचं सांगितलं. पहिल्यापासून, काथ्या आणि शेंदूर आणि आपण गप्प राहिलो ते. मालननं ऐकून घेतलं. मग त्याचा हात घेऊन गळ्यावर ठेवला आणि म्हणाली, "तेव्हा बोलायचं होतं, ते परवा बोललात. आता जा नि जोडा."

त्याला जोडू कोण देणार? पण मुंबईहून उत्तर आलं की त्या जातीच्या मोटारीचे पंजे कारखाना आता करतच नाही. आप्पा एका सकाळी स्वतः चालत महिपताच्या पडवीत आले, पायरीवर बसले, आणि खालच्या मानेनं विचारलं, "तूच उघडलंस. आता काय करायचं?"

महिपतानं विचार करून ठेवलेला होता. पंज्याचं कुजलेलं मांस कापून काढायचं. चांगलं जर्मन उरेल तिथे आणखी मोठं भोक, आणि त्यात लोखंडाचा बुश, पितळेचा नाही. आणि लोखंड अन् जर्मन ह्यांचं अंगाला अंग लागता कामा नये. मध्ये एक साल हवी, खारं पाणी शिरणार नाही अशी. ती साल म्हणजे अळशीच्या तेलात कालवलेला शेंदूर. त्याला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. धोंडूनं शेंदरानं झाकलं होतं, म्हणून ह्यानं शेंदूरच टाळला. पण दोष शेंदराचा नव्हता. मात्र एक गोष्ट त्यानं आप्पांना स्पष्ट सांगितली. पंज्यात आता एकदाच भोक मोठं करण्याइतकं अंग आहे. भोक तिरकं गेलं किंवा आटे फाटले, तर पंजाही संपला आणि मोटारही.

आप्पांनी पायरीवरून उठून वहाणा पायांत घातल्या. मग म्हणाले की कर.

बंदरावरच्या दुकानातला शेंदराचा डबा पावसाळ्यात दगड झालेला होता. बोटी नुकत्या सुरू होत होत्या, नवा माल यायचा होता. महिपत मारुतीच्या देवळामागे गुरवाच्या घरी गेला. गुरव बाहेरगावी होता. त्याची बायको मथुरा दारात आली. देवाला लावायचा कोरडा शेंदूर त्यांच्याकडे वर्षाचा भरून ठेवलेला असतो. महिपतानं मागितला, तिनं केळीच्या पानात बांधून दिला, आणि सहज खूण केली, कशाला?

"मोटारीला," महिपत म्हणाला. त्याच्या मते तो हळू बोलला. खरं तर देवळात प्रदक्षिणा घालणारे थांबले, आणि पलीकडच्या आळीत सखूनं टोपली सावरली. मारुतीनं कान पिळणं, टपावर बसणं, देवाचा कोप हे सगळं तिथून निघालं. मथुरा गुरवीण आजही सांगते की पुडी आपल्या हातची होती. पण पुडीची गोष्ट कोण ऐकतो? खरवडण्यात जी मजा आहे ती पुडीत नाही.

आटे पाडायचं काम महिपताला एकट्याला होण्यासारखं नव्हतं. जर्मनात आटे पाडणारा टॅप फिरवताना धातू फाटायच्या आधी बारीक कुरकुरतो. ज्याला ऐकू येतं तो तिथे थांबतो आणि उलटं फिरवतो. महिपत इंजिनाचा आवाज दातांनी ऐकतो; पान्याची लाकडी मूठ दातांत धरायची, पान्याचं दुसरं टोक धातूवर टेकवायचं, म्हणजे धातू जे बोलतो ते हाडांतून कळतं. पण खाली आडवं निजून, दातांत पाना धरून, दोन्ही हातांनी टॅप फिरवणं जमेना. फिरवायला दुसरा माणूस हवा होता.

आप्पांनी बाबल्याला पाठवलं. दोघं भाऊ मोटारीखाली शेजारी शेजारी निजले; दसऱ्यानंतर एकमेकांशी शब्द बोललेले नव्हते. बाबल्यानं टॅपची मूठ धरली आणि खांदा लावला. महिपतानं त्याचं मनगट पकडलं. दातांत पाना असल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं, आणि ते बरंच होतं. बोट उचललं की फिरव. बोट मिटलं की थांब. तळहात उलटा की मागे घे, रॉकेल सोड, भुगा काढ. बाबल्याला वल्हं मारायचा जोर माहीत होता, एवढ्या थोड्यावर थांबणं त्याच्या खांद्यानं कधी केलेलं नव्हतं. दर अर्ध्या फेऱ्याला त्याचा हात पुढे जायला बघे, आणि दर वेळी भावाची बोटं मनगटावर मिटत. दुपार कलली तेव्हा दोन्ही भोकांत आटे उभे राहिले, स्वच्छ, चकचकीत, सरळ.

दोन्ही बुश शेंदरात माखून बसवले, आणि बोल्ट आवळायची वेळ आली. बाबल्यानं सवयीनं पान्याला लावायची नळी उचलली. महिपतानं ती घेऊन दूर फेकली; आवाज आप्पांच्या वखारीपर्यंत गेला. मग त्यानं दातांतला पाना काढला, बाबल्याच्या हातावर आपला हात ठेवला, आणि दोघांनी मिळून बोल्ट आवळला.

"हितवर," महिपत म्हणाला. "ह्याच्या फुडं धोंडू हाय."

बाबल्याला धोंडू आठवत होता; लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून तो जत्रेला गेला होता. पण ह्या बोलण्याचा अर्थ त्याला तेव्हा कळला नाही. संध्याकाळी त्यानं वहिनीला विचारलं आणि मालननं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो बिछाना घेऊन घरी परत आला.

मोटार खाडी ओलांडायला निघाली त्या दिवशी लोकांनी आपली माणसं बसवली नाहीत. आप्पांनी नारळाची पोती चढवली, आपण मागे पोत्यांवर बसले, आणि महिपत बाबल्याच्या शेजारी बसला. सांगडीवर लाटांनी खालून तडाखे दिले. गोळपच्या उतारावर बाबल्यानं एकदा त्याच्याकडे पाहिलं. महिपतानं पान्याचं टोक फळीवर टेकवून लाकडी मूठ दातांत धरली होती आणि डोळे मिटले होते. उतार संपल्यावर त्यानं मूठ काढली आणि मान हलवली, बस.

पावसला पोचल्यावर आप्पांनी महिपताला काय हवं ते मागायला सांगितलं. त्यानं मागितलं ते आप्पांना सोपं वाटलं नाही. दर दसऱ्याला, पूजेच्या आधी, बाजारात, सगळ्यांच्या देखत, आपण एक बुश काढून दाखवणार. आप्पा म्हणाले की चांगला चाललेला आटा कशाला उघडायचा, उगाच अपशकुन.

"बंद असताना समदेच आटे चांगले दिसतात, आप्पा," महिपत म्हणाला.

तेव्हापासून ते चालू आहे. दसऱ्याला मोटारीला माळ घालायच्या आधी महिपत खाली शिरतो. पंजा सैल पडावा म्हणून गरम पाणी ओततो, पान्यानं एक बुश सोडवतो, आणि ताटात आपट्याच्या पानांवर ठेवतो. लोक वाकून बघतात. बुशावर आणि भोकात लाल साल जशीच्या तशी दिसली की मंडळी गाठोडी उचलून मोटारीत चढतात. मग तो शेंदूर नव्यानं कालवतो, बुश परत बसवतो, आणि नारळ फुटतो. पडवीत पंप पुन्हा आले आहेत. जुनी म्हण मात्र परत आली नाही. आता लोक म्हणतात, दसऱ्याला उघडून दाखव; कुणी फार खात्रीनं बोलायला लागला की म्हणतात.

गेल्या वैशाखात भरतीच्या उधाणात सांगड कलली आणि मोटारीचं पोट खाडीत बुडून वर आलं. त्यावरून यंदा बाजारात बरीच बोलणी झाली. त्यांत हे लिहिणाराही होता. त्याला माणसांच्या नकला येतात; सखूची येते, न्हाव्याची येते, आप्पांची खालच्या मानेची येते, आणि महिपताच्या आवाजाची तर अशी येते की बाबल्यानं एकदा मोटार थांबवून मागे पाहिलं. लोक हसतात, म्हणून तो करतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानं महिपताच्या तोंडासमोर उभं राहून, शब्द पसरून सांगितलं की यंदा बुश पांढरा निघणार. महिपतानं ओठ वाचले आणि पैज लावली. पांढरा निघाला तर महिपतानं भर बाजारात बसून आपली नक्कल शेवटपर्यंत पाहायची. लाल निघाला तर ह्यानं दिवाळीपर्यंत तोंड उघडायचं नाही. कुणाच्या आवाजात नाही, आणि स्वतःच्याही नाही.

सकाळी महिपत खाली गेला तेव्हा बाजार दसऱ्यापेक्षा पैजेसाठी जास्त भरला होता. बाबल्या बॉनेटजवळ हात जोडून उभा होता, आणि ते देवासाठी नव्हतं. गरम पाण्याची वाफ बाहेर आली. बुश सुटायला कुरकुरला. ती कुरकुर सगळ्यांनी ऐकली, ज्याचा बुश होता त्याच्याखेरीज. मग महिपत बाहेर आला आणि मूठ ताटावर उघडली.

लाल होता. कालच माखल्यासारखा.

महिपतानं शेंदूर कालवला, बुश माखून परत बसवला, हितवर आवळला. मग वाटीत उरलेल्या शेंदरात बोट बुडवून तो हे लिहिणाऱ्यासमोर आला, आणि सांधा बंद करतात तशी त्याच्या दोन्ही ओठांवरून एक आडवी रेघ ओढली. बाजार हसत होता. महिपतानं ते पाहिलं, आणि तोही हसला.

दिवाळी अजून लांब आहे. तोवर बोलायची सोय नाही, म्हणून हे लिहून काढलं.